लग्नात बदललेला रक्तगट

आमच्या मंडळाच्या गणपतीत डॉ. शशिधर घैसास यांचं भाषण नेहमी जेवणाच्या आधी असायचं. जेवणानंतर ठेवलं तर लीड्समधला एकही मराठी माणूस थांबणार नाही, हे अध्यक्ष या नात्याने त्यांना पक्कं ठाऊक होतं. माणूस मूर्ख होता, पण एवढ्या बाबतीत नव्हता.

१९९० च्या गणपतीत विषय होता ‘नाडी आणि रक्तगट’. चर्चचा भाड्याने घेतलेला हॉल, साठ-सत्तर खुर्च्या, आतून येणारा मसालेभाताचा वास, आणि समोर रेशमी झब्ब्यात घैसास. पत्रिका जुळवताना आपण नाडी बघतो, ते म्हणाले. मुलाची आणि मुलीची नाडी एक आली तर लग्न करत नाहीत. का करत नाहीत? तर आपल्या ऋषींना रक्तगट माहीत होते! नाडी म्हणजेच रक्तगट! दोघांचा गट एक, की संतती अशक्त. हे पाश्चात्त्यांना कळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

नाड्या तीन आणि रक्तगट चार. ही साधी गोष्ट हॉलमधल्या सहा डॉक्टरांपैकी एकालाही खटकली नाही. सहाही जण माना डोलवत होते. माझा आणि माझ्या नवऱ्याचा रक्तगट एकच आहे, आणि आमची दोन अशक्त संतती दारं आपटतात तेव्हा शेजारची म्हातारी भिंतीवर काठी ठोकते. पण मला कोण विचारतंय! मी मागच्या रांगेत बसून भूक आवरत होते.

“माझ्या घरचंच उदाहरण घ्या,” घैसास म्हणाले. “आमचा रवी ‘एबी’, सूनबाई ‘ओ’. गट भिन्न, नाडी भिन्न. बघा, कशी जोडी जमली!”

टाळ्या पडल्या. ज्या सूनबाईंसाठी पडल्या ती मधुमती आत स्वयंपाकघरात कोथिंबीर चिरत होती. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून लग्न होऊन आलेली, पंचविशीची, बोलायला कमी. मी पाणी प्यायला आत गेले तेव्हा तिने बोटाला किचन रोल गुंडाळला होता. भाषण सुरू व्हायच्या आधी सुरी लागली होती म्हणे. भाषण पाऊण तास चाललेलं, आणि कागद अजून ओला लाल होता. बाही वर सरकलेली, कोपराखाली दोन जांभळे डाग.

“पुण्याच्या मुली म्हणजे काचेच्या,” तिची सासू यमुनाताई मला म्हणाल्या. “जरा कुठे आपटलं की काळीनिळी. आणि चार दिवसांचे हिचे नऊ दिवस चालतात. देवाचं करायचं कुणी?”

मी ते बोट बघितलं, डाग बघितले, नऊ दिवस ऐकले. यावरून काय संशय घ्यायचा हे त्या हॉलमध्ये माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. आणि मी काय केलं? ताट वाढून घेतलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी इतरांना बरंच बोलणार आहे.

मी सुलक्षणा, मूळची कराडची. लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये १९७८ पासून रक्त गोठण्याच्या तपासण्या करते. मंडळातल्या बायका “ती लॅबमध्ये असते ना” म्हणतात, त्यात बाटल्या धुण्यापासून उंदीर कापण्यापर्यंत काहीही येतं. घैसास मला ‘टेक्निशियन’ म्हणायचे आणि तो शब्द उच्चारताना नाक असं काही वर करायचे, जणू मी चपला घालून देवघरात शिरले आहे. स्वतः चॅपलटाउनमध्ये जीपी. म्हणजे खोकला आणि सर्दी. पण मंडळात रुबाब असा, की शेवटचा शब्द त्यांचाच.

आता माझ्या कामातलं थोडं सांगायला हवं. रक्तात एक चिकट प्रथिन असतं. जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट्सना त्या जागी धरून ठेवणं हे त्याचं काम. त्याला फॉन विलेब्रांड फॅक्टर म्हणतात. ते जन्मतः कमी असेल तर रक्त लवकर थांबत नाही, आणि हा दोष आईबापांकडून येतो. पण यात एक मेख आहे. ‘ओ’ गटाच्या निरोगी माणसांतही हे प्रथिन मुळात कमीच असतं, आणि ‘एबी’ गटात सगळ्यात जास्त. त्यामुळे सगळ्यांना एकच फूटपट्टी लावली की धडधाकट ‘ओ’वाल्यांवर आजाराचा शिक्का बसतो आणि खरे आजारी ‘एबी’वाले सुटून जातात. म्हणून आमच्या कन्सल्टंट डॉ. हॅडो यांनी वर्षभरापूर्वी भिंतीवर नवा तक्ता लावला होता. ‘ओ’ असेल तर छत्तीसपर्यंत खाली आलं तरी चालेल. ‘एबी’ असेल तर चौसष्टच्या खाली आलं की दखल घ्या. तक्ता उत्तम होता. फक्त माणसाने आपला रक्तगट खरा सांगायला हवा होता.

नोव्हेंबरात आमच्याकडे मधुमती घैसास या नावाचं सॅम्पल आलं. सोबत खुद्द सासऱ्यांचं पत्र. सुनेच्या चार अक्कलदाढा हॉस्पिटलात भूल देऊन काढायच्या आहेत, गेल्या वर्षी एक दात काढला त्यावरून दंतवैद्याने उगाच शंका काढली म्हणून तपासणी करावी, रक्तगट ‘ओ’ पॉझिटिव्ह, कळावे. फॅक्टर आला एक्केचाळीस. आमचा नवा रजिस्ट्रार, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखालचा डॉक्टर, टिम याने भिंतीवरच्या तक्त्याकडे एकदा बघितलं आणि खाली लिहून टाकलं: ‘ओ’ गटासाठी नॉर्मल, शस्त्रक्रियेला हरकत नाही. सही केली आणि सँडविच खायला गेला.

मला ते ओलं बोट आठवलं. मी त्याच्या मागोमाग गेले.

“टिम, हिचा ग्रुप कुणी तपासलाय?”

“लेटरमध्ये आहे ना, सू.” सुलक्षणा हे नाव त्याच्या तोंडात मावत नसे. “आणि हर फादर-इन-लॉ इज अ डॉक्टर.”

डॉक्टर आहे! म्हणजे संपलंच. त्या एका शब्दापुढे अक्कल गहाण टाकायची सवय फक्त आपल्या मंडळाला आहे असं मला वाटायचं. तो गैरसमज त्या दिवशी गेला.

फ्रीझरमध्ये तिच्या रक्तातला वरचा पिवळा भाग थोडा उरला होता. तेवढ्यावरूनही गट ओळखता येतो. एका नळीत ‘ए’च्या पेशी घालायच्या, दुसरीत ‘बी’च्या. माणूस ‘ओ’ असेल तर दोन्ही नळ्यांत गुठळ्या व्हायला हव्यात, ‘एबी’ असेल तर एकीतही नाही. मी नळ्या फिरवल्या, हलवल्या, दिव्यासमोर धरल्या. पहिल्या नळीत काही नाही, दुसऱ्या नळीतही काही नाही. तळाची लाल टिकली दोन्हीकडे अलगद विरली. पुन्हा करून बघितलं, तेच. ही मुलगी ‘ओ’ नव्हतीच. ही ‘एबी’ होती. म्हणजे एक्केचाळीस हा आकडा तिच्यासाठी नॉर्मल नव्हता. आणि दाढा पुढच्या गुरुवारी निघणार होत्या.

टिम म्हणाला, नळ्यांची अदलाबदल झाली असेल, रिपोर्ट तर गेला. मग पाठवणारे डॉक्टर म्हणून मी घैसासांनाच फोन लावला. हे नियमात बसतं.

“डॉक्टर, मधुमतीचा रक्तगट कुठे तपासला होता?”

“का हो? बायोडेटात होता की.”

“बायोडेटावर लॅबचा शिक्का नसतो. माझ्याकडे ती ‘एबी’ येतेय.”

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग आवाज खाली गेला. “सुलक्षणाबाई, काही गोष्टी पत्रिकेपुरत्या असतात हो.”

“म्हणजे?”

“रवीची आणि हिची नाडी एक आली. गुरुजी म्हणाले, हल्ली रक्तगट बघतात, तो भिन्न असेल तर दोष धरायचा नाही. नेमका तोही एकच निघाला. मुलगी चांगली, माणसं चांगली. असल्या अंधश्रद्धेपायी स्थळ सोडायचं? तुम्ही सायन्सच्या, तुम्हाला तरी पटायला हवं.”

हा माणूस अंधश्रद्धा मोडायला खोटं बोलला होता, आणि मग त्याच खोट्याचा दाखला देऊन त्याच अंधश्रद्धेवर पाऊण तास भाषण ठोकलं होतं. टाळ्या घेऊन.

“ठीक आहे,” मी म्हणाले. “झालं ते झालं. आज दुरुस्तीचं पत्र पाठवा.”

“आणि यमुनेला काय सांगू? लग्नाला दोन वर्षं झाली, घरात पाळणा नाही. एकनाड कळली तर ती मला जगू देईल का? शिवाय भाषण स्मरणिकेत छापायला गेलंय.”

“डॉक्टर, चार दाढा काढणार आहेत तिच्या. गेल्या वर्षी एक दात काढला तेव्हा किती दिवस रक्त येत होतं?”

“तीन. पण ती सारखी चुळा भरत होती.”

“तीन दिवस! आणि तुम्हाला काही वाटलं नाही?”

“दात आहेत हो, हृदय नाही. तुमच्याच डॉक्टरांनी नॉर्मल म्हणून सही केलीय. तुम्ही टेक्निशियन आहात, टेक्निशियनसारखं राहावं.”

फोन ठेवला गेला. आयुष्यात पुष्कळ घमेंडखोर माणसं बघितली आहेत, हॉस्पिटलात त्यांना तोटा नसतो. पण बायकोच्या तोंडाला भिऊन सुनेला रक्ताच्या धारेत सोडणारा हा पहिलाच. मला त्याची किळस आली. अजून येते.

मी दोन्ही नळ्या उचलल्या आणि डॉ. हॅडोंच्या खोलीत गेले. मूळच्या एडिनबराच्या, साठीकडे झुकलेल्या, चष्मा कायम कपाळावर. माझं नाव पूर्ण उच्चारणारी त्या इमारतीतली एकमेव व्यक्ती. त्यांनी नळ्या बघितल्या, पत्र बघितलं, टिमची सही बघितली.

“सुलक्षणा,” त्या म्हणाल्या, “पत्रात लिहिलेला रक्तगट म्हणजे गॉसिप. मुलीला उद्या बोलवून घे. आणि टिमला आत पाठव.”

टिम बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू!

दुसऱ्या दिवशी मधुमती आली, सोबत रवी. तीस वर्षांचा घोडा, बिल्डिंग सोसायटीत, म्हणजे घरकर्ज देणाऱ्या बँकेत मॅनेजर, जन्म लीड्सचा. मला बघताच त्याने कॉरिडॉरमध्येच सुरू केलं.

“आंटी, तिचा रक्त थांबतच नाही. लास्ट इयरला पिलो पूर्ण रेड झाला होता. बाबा म्हणतो इट्स नथिंग. मी कुणाला विचारू?”

“बायकोला विचारायचंस,” मी म्हणाले. “बस इथे.”

आत तिची बाही वर करताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुझा रक्तगट काय गं?”

“आता ‘ओ’.”

“आता म्हणजे?”

“लग्नाआधी ‘एबी’ होता. लग्नात बदलला. नावाबरोबर.”

ती थट्टा करत नव्हती. तिने पर्समधून एक कार्ड काढलं. पुण्यातल्या कॉलेजच्या रक्तदान शिबिराचं, कडा मऊ पडलेलं. रेखा विष्णू आगाशे, एबी पॉझिटिव्ह. एकदाच रक्त दिलं होतं म्हणे. सुईची जागा दुसऱ्या दिवसापर्यंत पाझरत राहिली, मग आईने पुन्हा जाऊ दिलं नाही. पुढे लग्नात ताटात तांदूळ पसरले, रवीने अंगठीने त्यावर ‘मधुमती’ लिहिलं, आणि रेखा आगाशे संपली.

“हे कार्ड इथे कुणाला दाखवलं नाहीस?”

“दाखवलं ना. पहिल्या वेळी रक्त द्यायला आले तेव्हा, त्या तरुण डॉक्टरांना. ते म्हणाले, धिस इज समबडी एल्स.” ती कार्डाकडे बघत राहिली. “मग मलाही वाटलं, असेल. दोन वर्षं ऐकतेय, घरी बाबा सगळ्यांसमोर ‘ओ’ म्हणतात. ते डॉक्टर आहेत. मला वाटलं, त्यांना काहीतरी माहीत असेल.”

इतका वेळ मी रागात होते. तिथे मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला ते आवडलं नाही. शिकलेली मुलगी, बीएस्सी. स्वतःचं रक्त स्वतःला ठाऊक, हातात पुरावा. तरी दोन डॉक्टरांनी मिळून तिला पटवून दिलं होतं, की ती दुसरीच कुणीतरी आहे.

नव्या सॅम्पलमध्ये गट ‘एबी’च आला आणि फॅक्टर एकोणचाळीस. डॉ. हॅडोंनी गुरुवारची तारीख रद्द केली, आणखी तपासण्या केल्या आणि निदान लिहिलं. सौम्य प्रकारचा फॉन विलेब्रांड. आधी औषधाची ड्रिप देऊन बघितली, आकडा तीन पट वर गेला. मग जानेवारीत तशीच ड्रिप देऊन चारही दाढा काढल्या. संध्याकाळी मी वॉर्डात डोकावले तर गॉज जेमतेम गुलाबी झाला होता. महिन्याच्या त्रासासाठीही गोळ्यांची सोय झाली, आणि यमुनाताईंचे नऊ दिवस पाचावर आले. हॉस्पिटलने तिला एक कार्ड दिलं, जवळ बाळगायचं. त्यावर आजाराचं नाव आणि खाली रक्तगट. तिने ते पर्समध्ये जुन्या कार्डाच्या मागे ठेवलं.

घैसासांनी घरी काय सांगितलं मला माहीत नाही. मी कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. पेशंटची गोष्ट बाहेर बोलायची नसते, हे टेक्निशियनलाही शिकवतात. मंडळात ते दिसले की मान वळवायचे, आणि मला वाटायचं, चला, लाज तरी वाटतेय.

तीही वाटत नव्हती. पुढच्या गणपतीत भाषणाचा विषय होता ‘नाडी आणि रक्तगट: एक अनुभव’. तोच हॉल, तोच झब्बा, तोच मसालेभात.

“मित्रहो, गेल्या वर्षी मी जे सांगितलं त्याचा पुरावा दुर्दैवाने माझ्याच घरात मिळाला.” रुमाल काढला, चष्मा पुसला. “लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी रक्तगट लपवला. आम्ही विश्वास ठेवला. आता हॉस्पिटलात उघड झालं, की दोघेही ‘एबी’. एकनाड! आणि परिणाम काय? सूनबाईंना रक्तदोष! सायन्सने सिद्ध झालं, मित्रहो. ऋषी खोटं बोलत नाहीत.”

पुढच्या रांगेत यमुनाताईंनी डोळ्याला पदर लावला. सहा डॉक्टरांनी माना डोलवल्या. जन्मापासून अंगात असलेला दोष चोविसाव्या वर्षी लग्नाने कसा लागतो, हे विचारायची त्यांना काही गरज वाटली नाही. डिग्र्या भिंतीवर टांगून आले होते बहुधा. मी उठणार होते. काय बोलणार होते देव जाणे, पण नोकरी गेली तरी बेहत्तर, असं वाटत होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. मधुमती दारात उभी होती, हाताला कोथिंबीर चिकटलेली.

“बाबा, माझ्या वडिलांनी काही लपवलं नाही.” आवाज मोठा नव्हता, पण मागच्या रांगेपर्यंत आला. “त्यांनी खरा गट कळवला होता. मग तुमचा फोन आला. तो मी घेतला होता. बायोडेटाही मीच लिहिला, माझं अक्षर आहे, आई, तुमच्या कपाटात असेल. बाबा फोनवर म्हणाले, ‘एबी’च्या जागी ‘ओ’ लिही.”

“मधुमती!” घैसास ओरडले.

“रेखा,” ती म्हणाली. “मी तेव्हा रेखा होते. मी विचारलं, कुणी तपासलं तर? तुम्ही हसलात. म्हणालात, अगं, कोण तपासतंय?”

यमुनाताईंचा पदर खाली आला आणि त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. रवी खुर्चीतून उठला, बापाकडे न बघता चालत गेला आणि बायकोच्या शेजारी जाऊन उभा राहिला. घैसास मायक्रोफोन धरून उभे होते.

‘कोण तपासतंय?’ या प्रश्नाला मी मागच्या रांगेत हात वर केला.